बालगंधर्व

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (२६ जून, १८८८ - १५ जुलै, १९६७) हे मराठी संगीत रंगभूमीवरील श्रेष्ठ गायक-नट आणि गंधर्व नाटक मंडळीचे चालक होते. स्त्रियांनी रंगभूमीवर काम करणे समाजाला मान्य नव्हते, त्या काळात त्यांनी शकुंतला, सुभद्रा, भामिनी, रुक्मिणी, सिंधू, द्रौपदी अशा नायिकांच्या भूमिका केल्या आणि मराठी नाट्यसंगीताला स्वतःची अशी गायनशैली दिली. सुमारे पाच दशकांच्या त्यांच्या कारकिर्दीत अपूर्व लोकप्रियता आणि सततचे कर्ज या दोन गोष्टी जवळजवळ बरोबरीने चालल्या. रंगमंचावर उणे काही दिसू नये हा त्यांचा आग्रह दोहोंच्या मुळाशी होता. म्हणून त्यांचे चरित्र हा एका नटाच्या यशाचा वृत्तांत आहे, तसाच नाटक मंडळी नावाच्या संस्थेच्या उत्कर्षाचा आणि ऱ्हासाचा इतिहासही आहे.

पूर्वायुष्य

राजहंस घराण्याचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठचे नागठाणे. नारायणरावांच्या वडिलांचे नाव श्रीपाद आणि आईचे नाव अन्नपूर्णाबाई. घरची परिस्थिती बेताची होती. मुलाचा गळा मात्र लहानपणापासूनच लोकांच्या लक्षात येण्याजोगा गोड होता. शिक्षणाच्या निमित्ताने ते काही काळ जळगावला राहिले आणि तेथे मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांना गाण्याचे प्रारंभीचे धडे मिळाले.

बालगंधर्व हे नाव त्यांना लोकमान्य टिळकांमुळे मिळाले. नारायण दहा वर्षांचा असताना पुण्यात टिळकांसमोर त्याचे गाणे झाले. ते ऐकून टिळकांनी कौतुकाने त्याला बालगंधर्व म्हटले, अशी हकिकत परंपरेने सांगितली जाते. हे नाव त्यांना आयुष्यभर चिकटले. पुढे त्यांच्या मंडळीचे नावही त्यावरूनच पडले.

नाटकात जाण्याचा मार्ग कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने खुला झाला. महाराज कलावंतांचे आणि मल्लांचे चाहते होते. नारायणाला ऐकू कमी येत असे, म्हणून महाराजांनी त्याच्या कानावर मिरजेच्या मिशन रुग्णालयात उपचार करविले. पुढे किर्लोस्कर नाटक मंडळीत त्याचा प्रवेश झाला तोही महाराजांच्याच पुढाकाराने.

किर्लोस्कर नाटक मंडळी

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाची परंपरा स्थिर केली. त्यांच्या मंडळीतील नायिकांच्या भूमिका दीर्घकाळ भाऊराव कोल्हटकर करीत. पुढे भाऊराव नायकाच्या भूमिकांकडे वळले आणि १९०१ साली त्यांचे निधन झाले. मंडळीला नव्या गायक-नटाची तीव्र गरज होती. नाटककार गोविंद बल्लाळ देवल हे मंडळीत तालीममास्तर म्हणून नटांना शिकवीत असत. त्यांच्या हाताखाली नारायणरावांची तयारी झाली आणि १९०५ साली मिरजेत ते शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम रंगमंचावर आले. तेव्हा त्यांचे वय सतरा वर्षांचे होते.

नाटक मंडळी म्हणजे काय, हे आजच्या वाचकाने समजून घेणे आवश्यक आहे. मंडळी हे एक फिरते कुटुंब असे. नट, गवई, साथीदार, पडदे ओढणारे, आचारी आणि व्यवस्थापक अशी मोठी माणसांची बिऱ्हाडे एका गावाहून दुसऱ्या गावी मुक्काम हलवीत. सर्वांचा जेवणखर्च मंडळीकडे असे. लहान वयात आलेली मुले तेथेच वाढत, शिकत आणि नट होत. नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. आवडलेल्या पदाला प्रेक्षक पुनःपुन्हा वन्समोअर देत आणि नटही तितक्याच उत्साहाने ते पद नव्या जागा घेत गात असे. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटाला स्त्रीपार्टी म्हणत. सौंदर्य, गोड आवाज आणि स्त्रीसुलभ हालचाल या तिन्ही गोष्टी त्याच्या ठायी असाव्यात अशी अपेक्षा असे. नारायणरावांच्या ठायी त्या एकवटल्या होत्या.

'शाकुंतल'मागोमाग 'सौभद्र'मधील सुभद्रा आणि 'शारदा'मधील शारदा या भूमिकांनी त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. १२ मार्च, १९११ रोजी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग मुंबईत झाला. त्यातील पदांना गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या होत्या. नायिका भामिनीचे काम बालगंधर्वांकडे होते. त्याच दिवशी त्यांचे लहान अपत्य मरण पावले. प्रयोग पुढे ढकलता आला असता, पण जमलेल्या प्रेक्षकांना परत पाठविणे त्यांना पटले नाही आणि ते ठरल्याप्रमाणे रंगमंचावर उभे राहिले. प्रेक्षकांविषयीची त्यांची निष्ठा सांगताना हा प्रसंग नेहमी दिला जातो. त्यात त्यांच्या पुढील आयुष्याचे सूत्रही दिसते. प्रेक्षक हा त्यांच्या लेखी आश्रयदाता आणि मायबाप होता. त्याच्यासाठी घरचे दुःख त्यांनी बाजूला ठेवले, पुढे पैसाही तसाच बाजूला ठेवला.

गंधर्व नाटक मंडळी

१९१३ साली खाडिलकरांच्या 'विद्याहरण' नाटकात देवयानीची भूमिका केल्यानंतर बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळी सोडली. गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या भागीदारीत त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. तिघांचे गुण परस्परपूरक होते. बोडस हे गद्य अभिनयात निष्णात होते, टेंबे हे हार्मोनियमवादक आणि संगीतरचनाकार होते, तर बालगंधर्व हे मंडळीचे मुख्य आकर्षण होते. देवलही नव्या मंडळीत शिकविण्यासाठी आले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा मंडळीला आश्रय लाभला.

१९१६ हे वर्ष मंडळीच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. जूनमध्ये देवलांचे निधन झाले. त्यांचे 'संशयकल्लोळ' त्याच वर्षी संगीत नाटक म्हणून मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यात बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती प्रेक्षकांना अतिशय आवडली. डिसेंबरमध्ये खाडिलकरांचे 'स्वयंवर' आले. त्याचे संगीत गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचे होते. भास्करबुवा हे बालगंधर्वांचे गुरू. अनेक घराण्यांची गायकी आत्मसात केलेल्या या गवयाने रागदारीतील बंदिशींच्या आधारे पदांना चाली दिल्या आणि आपल्या शिष्याच्या गळ्याला झेपतील, शोभतील अशा जागा त्यांत राखल्या. रुक्मिणीच्या पदांतून शास्त्रीय संगीत सामान्य श्रोत्याच्या घरापर्यंत गेले. ज्याने कधी मैफल ऐकली नव्हती असा प्रेक्षकही भूप आणि यमन या रागांची रूपे पदांच्या चालींवरून ओळखू लागला.

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' १९१९ च्या फेब्रुवारीत बडोद्याला प्रथम झाले. गडकरी जानेवारीतच निधन पावले होते, त्यामुळे आपले हे नाटक त्यांना रंगमंचावर पाहता आले नाही. नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली. सुधाकराचे काम बोडसांनी आणि सिंधूचे काम बालगंधर्वांनी केले. भरजरी शालू आणि दागिने यांसाठी प्रसिद्ध असलेल्या नटाला येथे दारुड्या नवऱ्याच्या घरात दळण दळून पोट भरणारी स्त्री उभी करायची होती. त्यांनी ठिगळे लावलेले लुगडे नेसून, अलंकारांवाचून ती उभी केली. बालगंधर्वांचा प्रभाव केवळ रूपावर आणि वेशभूषेवर अवलंबून होता, या समजाला सिंधूची भूमिका हे उत्तर आहे.

लोकप्रियता आणि वेशभूषा

बालगंधर्वांची रंगमंचावरील राहणी हा समाजात अनुकरणाचा विषय झाला. ते ज्या पद्धतीने नऊवारी नेसत, अंबाडा घालीत, वेणी-गजरा माळीत, ती पद्धत मध्यमवर्गीय घरांतील स्त्रिया उचलीत. त्यांची छायाचित्रे घरोघरी लागली आणि विक्रीच्या वस्तूंवर छापली गेली. एका पुरुषाने पदर कसा घ्यावा हे स्त्रियांना शिकवावे, ही गोष्ट आज विचित्र वाटेल. परंतु स्त्रियांच्या सार्वजनिक वावरावर बंधने होती, त्या काळात सुसंस्कृत, आत्मविश्वासाने बोलणारी, स्वतःचे मन गाण्यातून मांडणारी स्त्री समाजाला प्रथम रंगमंचावरच दिसली. ती साकारणारा नट पुरुष होता, हा त्या काळाचा विरोधाभास होय.

या सौंदर्यामागे फार मोठा खर्च होता. मंडळीचे शालू खरे, जर खरी, अत्तरे उंची. पडदे, गालिचे, आसने यांत नकली वस्तू त्यांना चालत नसे. साथीला नामवंत वादक असत. तबल्याचे थोर उस्ताद अहमदजान थिरकवा हे कित्येक वर्षे गंधर्व मंडळीत होते. मास्टर कृष्णराव आणि विनायकबुवा पटवर्धन यांच्यासारखे पुढे स्वतंत्रपणे मान्यता पावलेले गायक मंडळीत काम करीत असत. प्रयोगाचे उत्पन्न भरघोस असले तरी तेवढाच, किंबहुना अधिक पैसा पुढील प्रयोगासाठी खर्च होई.

कर्ज

भागीदारी फार काळ टिकली नाही. आधी टेंबे आणि पुढे बोडस मंडळीतून बाहेर पडले. हिशेबाकडे कठोरपणे पाहणारे कोणी उरले नाही. बालगंधर्व स्वतः व्यवहारात भोळे होते. मागणाऱ्याला नाही म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १९२० साली खाडिलकरांच्या 'द्रौपदी' नाटकासाठी त्यांनी मयसभेचा भव्य देखावा उभारला आणि त्यात अमाप पैसा घातला. नाटकाचे उत्पन्न त्या खर्चाला पुरे पडले नाही. मंडळीवरील कर्ज लाखाच्या पुढे गेले. त्या काळातील लाख रुपये ही रक्कम आजच्या वाचकाला सहज कल्पना येणार नाही इतकी मोठी होती.

कर्जातून सुटण्याचा एक कायदेशीर मार्ग होता. नादारी पत्करली असती तर सावकारांचा तगादा थांबला असता. बालगंधर्वांनी तो मार्ग नाकारला आणि सर्व देणे प्रयोग करून फेडण्याचे ठरविले. मंडळीचा कारभार धनकोंच्या देखरेखीखाली गेला आणि मालक असलेला नट आपल्याच संस्थेत कर्ज फेडण्यासाठी राबू लागला. पुढील काही वर्षे अहोरात्र प्रयोग करून त्यांनी ते कर्ज फेडले. त्यांना उधळे ठरविणाऱ्यांनी त्यांच्या आयुष्यातील हा भाग लक्षात घेतला पाहिजे. त्यांनी पैसा उडविला हे खरे, पण कोणाचा बुडविला नाही.

याच संकटाच्या काळात ८ जुलै, १९२१ रोजी मुंबईत संयुक्त 'मानापमान'चा ऐतिहासिक प्रयोग झाला. ललितकलादर्श मंडळीचे चालक केशवराव भोसले हे बालगंधर्वांचे तुल्यबळ प्रतिस्पर्धी मानले जात. टिळक स्वराज्य फंडासाठी हे दोघे एका रंगमंचावर आले. केशवरावांनी धैर्यधर आणि बालगंधर्वांनी भामिनी उभी केली. लांबलांबच्या गावांहून रसिक मुंबईत आले आणि तिकिटांचे दर त्या काळी न ऐकलेले असूनही नाट्यगृह भरून गेले. स्वतः कर्जात असलेल्या नटाने राष्ट्रकार्याच्या निधीसाठी हा प्रयोग केला, याची नोंद घेतली पाहिजे. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ऑक्टोबर १९२१ मध्ये केशवरावांचे अकाली निधन झाले. दुसऱ्या वर्षी भास्करबुवाही गेले.

बोलपटाचा काळ आणि मंडळीचा शेवट

तिसाव्या दशकात परिस्थिती झपाट्याने बदलली. १९३१ साली 'आलमआरा' हा पहिला भारतीय बोलपट आला आणि १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत आला. नाटकाच्या तिकिटापेक्षा स्वस्तात, दोन-अडीच तासांत गाणी आणि गोष्ट पाहण्याची सोय झाली. गावोगावची नाट्यगृहे चित्रपटगृहे बनली. रंगभूमीवरही नवे वारे वाहत होते. हिराबाई बडोदेकर यांच्यासारख्या गायिका स्वतः नाटकांत उतरल्या. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' सादर करून आटोपशीर, वास्तववादी नाटकाचा आणि स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करण्याचा पायंडा पाडला.

गंधर्व मंडळीने १९३१ साली 'कान्होपात्रा' आणले. त्यातील भक्तिरसपूर्ण अभंगांनी बालगंधर्वांच्या गाण्याचा एक नवा पैलू समोर आला आणि नाटकाला चांगले यशही मिळाले. तरीही खर्चाचा डोलारा सावरला नाही. १९३४ च्या अखेरीस मंडळी बंद झाली.

यानंतर बालगंधर्व प्रभात फिल्म कंपनीत आले. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या 'धर्मात्मा' (१९३५) या चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते. ते सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावे लागले. आयुष्यभर नायिका म्हणून पाहिलेल्या नटाला पुरुषाच्या वेशात पाहणे प्रेक्षकांना रुचले नाही. बालगंधर्वांनाही चित्रीकरणाची रीत मानवली नाही. समोर प्रेक्षक नाही, दाद नाही, पद रंगले म्हणून वाढवावे तर तशी मुभा नाही. तुकड्यातुकड्यांनी होणाऱ्या कामात त्यांची कला फुलली नाही. प्रभातशी असलेला संबंध या एका चित्रपटावरच संपला. १९३७ साली बाबूराव पेंटर यांच्या दिग्दर्शनाखाली 'साध्वी मीराबाई' हा चित्रपट आला, पण त्यालाही यश लाभले नाही.

उत्तरायुष्य

बालगंधर्व पुन्हा रंगभूमीवर परतले. १९३८ साली गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांची गायकी त्यांनी हुबेहूब आत्मसात केली होती. स्त्रीभूमिकांचा सम्राट मानल्या गेलेल्या नटाच्या मंडळीत आता नायिकेचे काम एक स्त्री करू लागली आणि बालगंधर्व पुरुषभूमिकांत उतरू लागले. १९४० साली त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई निवर्तल्या. पुढे त्यांनी गोहरबाईंशी विवाह केला. या संबंधामुळे अनेक जुने चाहते आणि आप्त दुरावले. गोहरबाईंविषयी तत्कालीन लेखनात बराच कडवटपणा आढळतो. मात्र पडत्या काळात, पैसा आणि प्रकृती दोन्ही नसताना, त्यांची सोबत गोहरबाईंनीच केली.

वृद्धापकाळी पायांतील शक्ती गेल्याने त्यांना उभे राहणेही अशक्य झाले. तेव्हा ते बसून भजने गात. ज्यांच्या एका प्रयोगाने नाट्यगृहे ओसंडत, त्यांनी अशा भजनांच्या कार्यक्रमांवर गुजराण केली. १९५५ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९६४ साली भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी गोहरबाईंचे निधन झाले. १५ जुलै, १९६७ रोजी पुणे येथे बालगंधर्वांचे देहावसान झाले.

गायनशैली

बालगंधर्वांच्या गाण्याचा गाभा शब्द हा होता. पदाचा अर्थ आणि प्रसंग न सोडता ते आलाप आणि तान घेत. सूर लावताना आवाजावर कोठेही ताण जाणवत नसे. लयीशी खेळत, शब्द किंचित मागे ठेवून समेवर सहज येण्याची त्यांची लकब गवयांनाही मोहवीत असे. एकच ओळ दहा वेळा म्हणताना दर वेळी वेगळा भाव प्रकट होई. त्यांच्या ध्वनिमुद्रिका सुमारे तीन मिनिटांच्या आहेत. रात्रभर चालणाऱ्या गाण्याची त्यांत केवळ झलक सापडते, तरीही स्वच्छ उच्चार आणि सुरेलपणा यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला त्या आजही उपयोगी पडतात. कुमार गंधर्व यांनी त्यांच्या गायकीवर मला उमजलेले बालगंधर्व हा कार्यक्रम सादर केला. ख्यालगायकाने नाट्यगीत गाणाऱ्या नटाला दिलेली ही मोठी मान्यता होय.

मूल्यमापन

बालगंधर्वांवर दोन आक्षेप घेतले जातात. गाण्याच्या विस्तारामुळे नाट्य मागे पडले, हा पहिला. त्यात तथ्य आहे. वन्समोअरच्या आग्रहाखातर कथानक थांबे आणि संवादांचा परिणाम विरून जाई. पुढील काळात गद्य आणि वास्तववादी नाटक वेगाने पुढे आले, त्याला या अतिरेकाची प्रतिक्रिया हेही एक कारण होते. वय आणि शरीर साथ देत नसतानाही त्यांनी स्त्रीभूमिका सोडल्या नाहीत, हा दुसरा आक्षेप. हाही नाकारता येत नाही. परंतु ज्या प्रेक्षकाला त्यांनी देव मानले, तोच त्यांना भामिनी आणि रुक्मिणी यांखेरीज अन्य रूपात पाहण्यास तयार नव्हता, हेही ध्यानात घ्यावे लागते. 'धर्मात्मा'च्या वेळी त्याचा प्रत्यय आला होता.

त्यांच्या आर्थिक शोकांतिकेचा दोष केवळ त्यांच्या भोळेपणाला देता येणार नाही. नाटक मंडळीत मालक, प्रमुख नट आणि पोशिंदा ही तिन्ही कामे एकाच व्यक्तीकडे येत. संस्थानिकांचा आश्रय आटला आणि बोलपट आला, तेव्हा काटकसरीने चाललेल्या मंडळ्याही तगल्या नाहीत. बालगंधर्वांनी काटकसर केली असती तर मंडळी कदाचित काही वर्षे अधिक चालली असती. पण ज्या संपन्न रंगभूमीची आठवण महाराष्ट्राने जपली, ती त्यांनी तशी न मोजता केलेल्या खर्चातूनच उभी राहिली होती.

स्मारके

पुणे महानगरपालिकेने जंगली महाराज रस्त्यावर बांधलेल्या बालगंधर्व रंगमंदिराचे भूमिपूजन १९६२ साली स्वतः बालगंधर्वांच्या हस्ते झाले. या वास्तूच्या उभारणीत पु. ल. देशपांडे यांचा मोठा वाटा होता. २६ जून, १९६८ रोजी, बालगंधर्वांच्या जन्मदिनी, यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. ते पाहण्यास बालगंधर्व हयात नव्हते. जेथे ते शकुंतलेच्या वेशात प्रथम उभे राहिले त्या मिरजेतील नाट्यगृहालाही त्यांचे नाव आहे. २०११ साली रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला 'बालगंधर्व' हा चित्रपट प्रदर्शित झाला. सुबोध भावे यांनी त्यात बालगंधर्वांची भूमिका केली आणि नव्या पिढीला या नटाची ओळख झाली.